कळपातली आजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत हत्तीकडून माणसाने घ्यावयाच्या धड्यांविषयी जो छोटा मजकूर प्रसिद्ध झाला, त्यासंदर्भात हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. त्या मजकुरातले सगळे गुण माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, कारण पेडणे तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवताना दर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी मीही तेच फळ्यावर लिहीत आले: कान सुपाएवढे, म्हणजे पुष्कळ ऐकावे, तोंड लहान, म्हणजे बेताने खावे आणि त्याहून बेताने बोलावे, डोळे बारीक, म्हणजे सूक्ष्म पाहावे. मुले ते पाठ करीत, पालकांना बरे वाटे, आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळाफुलांच्या सामानाच्या गडबडीत तो विषय तिथेच संपत असे. मी स्वतः तोवर हत्ती पाहिला होता तो लहानपणी म्हापशाला आलेल्या सर्कशीत आणि नंतर एकदा फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागेत, पर्यटकांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारताना. दोन्ही ठिकाणी त्याच्या पायात साखळी होती. ती फळ्यावर लिहिण्याचे मला कधी सुचले नाही.

तो ‘लहान तोंडाचा’ प्राणी दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक न पचवताच मागे टाकतो, हे मला निवृत्तीनंतर कळले. त्याच्या तोंडात विटेएवढ्या दाढा असतात. जन्मभरात त्यांचे सहा संच येतात आणि झिजतात, आणि शेवटचा संच झिजला की म्हाताऱ्या हत्तीची उपासमार सुरू होते. सुपासारखे कान तो ऐकण्याइतकेच अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी वापरतो, आणि डोळ्यांपेक्षा त्याचा भरवसा नाकावर अधिक असतो. म्हणजे फळ्यावरचे आमचे धडे हत्तीकडे पाहून काढलेले नव्हतेच. आपल्याला मुलांना जे सांगायचे होते, ते आपण त्याच्या तोंडी घातले होते. त्यात पाप काही नाही. परंतु ज्याच्याकडून शिकायचे त्याला आधी नीट पाहावे, ही अट मी वर्गात प्रत्येकाला घालत असे आणि स्वतः मात्र ती पाळली नव्हती.

ती पाळण्याची वेळ २०२५ च्या सप्टेंबरात आली. ‘ओंकार’ या नावाने दोडामार्ग-सावंतवाडीकडे ओळखला जाणारा एक तरुण टस्कर मोप्याच्या बाजूने आमच्या तालुक्यात उतरला आणि तांबोसे, उगवे या भागात काही दिवस फिरत राहिला. दारी हत्ती झुलणे हे आपल्या भाषेत वैभवाचे लक्षण. आमच्या दारी तो झुलला नाही. रात्री कधीतरी मागच्या बागायतीतून चालून गेला, आणि सकाळी आम्ही पाहिले तेव्हा चाळीसेक केळी आडव्या पडलेल्या, चार कवाथ्यांचे, म्हणजे नारळाच्या लहान झाडांचे, गाभे ओढून काढलेले आणि लोंबी धरलेल्या भाताचा एक कोपरा चटईसारखा चेपलेला होता. शेजारच्या वाड्यावर याहून पुष्कळ अधिक नुकसान झाले होते, त्यामुळे आमचे रडगाणे मी इथेच थांबवते.

पंचनाम्यासाठी वनखात्याचा एक तरुण रक्षक आला होता. त्याने भाताच्या चिखलात उमटलेले पुढच्या पायाचे एक ठळक पाऊल निवडले, माझ्याकडे दोरी मागितली, आणि मी मांगरातून, म्हणजे बागायतीतल्या खोपीतून, आणून दिलेली सुंभाची दोरी त्या पावलाच्या कडेकडेने फिरवून जिथे टोक मिळाले तिथे गाठ मारली. मग तेवढेच माप पुन्हा पुढे घेऊन त्याने ती दोरी मांगराच्या भिंतीला उभी लावली आणि म्हणाला, ‘बाई, पुढच्या पायाच्या घेराच्या दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची मिळते.’ दोरी दाराच्या चौकटीवरून हातभर वर गेली होती. मी मांगराच्या त्या दारातून रोज ये-जा करते. त्या दिवशी प्रथमच मान वर करून पाहिले. पावलात पाणी साचले होते आणि त्यात अंगठ्याच्या नखाएवढे दोन बेडूक येऊन बसले होते.

घरी परतले तेव्हा ८७ वर्षांच्या आमच्या सासूबाई ओटीवर बसून होत्या. केळी किती गेली हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘बाये, गेला कुठल्या वाटेने?’ मी सांगितले, पोफळीच्या कुळागराच्या खालून, चिऱ्याच्या पडक्या गडग्याला धरून, व्हाळाच्या (ओढ्याच्या) अंगाने. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे झरीवरून गेला.’ दुपारी मी मुद्दाम जाऊन पाहिले. झरीजवळचा बांबू मोडलेला होता, लेंड्यांचा ढीग होता, आणि पाझराच्या चिखलात तो मनसोक्त लोळून गेल्याची खूण चांगली खाटेएवढी होती.

या झरीची हकीकत सांगणे भाग आहे. घरात नळ आल्यापासून आम्ही कोणी तिकडे फिरकलो नव्हतो. काजूचा पाचोळा आणि रान वाढून ती बुजल्यासारखी झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या वाड्याला सलग सहा दिवस नळाचे पाणी आले नाही, टँकर येतो येतो म्हणून आला नाही, आणि विहिरीने तळ गाठला. तेव्हा सासूबाईंनी काठीने दिशा दाखवून सांगितले की फणसाच्या पलीकडे, जिथे दगडाला शेवाळ असेल तिथे उकरा, ती झर त्यांच्या आठवणीत एकदाही पूर्ण आटलेली नाही. मुलगा तेव्हा आखातातून सुट्टीवर आला होता. त्याने हसत हसतच कुदळ घेतली. तासाभराने तो घागर भरून घेऊन आला तेव्हा हसत नव्हता. हत्तीला ती जागा कशी सापडली ते त्याचे त्याला ठाऊक. आम्हाला ती सापडली ती केवळ एक म्हातारी बाई अजून आमच्यात होती म्हणून.

सत्तरी-डिचोली भागात गजलक्ष्मीचे पाषाणशिल्प केळबाय म्हणून पुजले जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. देवीच्या दोन बाजूंना हत्ती उभे आणि तिच्या मस्तकावर ते पाण्याचा अभिषेक करीत आहेत, असे ते रूप असते. हात जोडताना आपण देवीकडे पाहतो. हत्ती तिथे कशासाठी उभे केले असावेत, असा विचार मी तरी कधी केला नव्हता. ज्यांनी ते कोरले त्यांच्या मनात हत्ती आणि पाणी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या, एवढे मला त्या चिखलाकडे पाहून पटले.

त्यानंतर हत्तीविषयी जे मिळेल ते वाचण्याचा नाद लागला, आणि त्यात टांझानियातल्या तरंगिरे राष्ट्रीय उद्यानाची एक नोंद आढळली, जी मी आता भेटेल त्याला सांगत असते. १९९३ साली तिथे फार मोठा दुष्काळ पडला. चार्ल्स फोली आणि त्यांचे सहकारी तिथल्या हत्तींच्या तीन गटांवर लक्ष ठेवून होते. नऊ महिन्यांत या गटांतल्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. एरवी शंभरात दोन दगावतात. परंतु हे मरण तिन्ही गटांत सारखे वाटले गेले नाही. ज्या दोन गटांच्या म्होरक्या हत्तिणी ४५ आणि ३८ वर्षांच्या होत्या, ते उद्यान सोडून बाहेर निघून गेले आणि त्यांची पिल्ले बहुतांशी वाचली. तिसऱ्या गटाची म्होरकी ३३ वर्षांची होती. तो गट उद्यानातच राहिला आणि सर्वाधिक पिल्ले त्यानेच गमावली. त्या प्रदेशात त्याआधीचा तसा भीषण दुष्काळ १९५८ ते १९६१ या काळात पडला होता. वये मोजून पाहावीत: पहिल्या दोघी तेव्हा आईच्या मागून चालण्याएवढ्या मोठ्या होत्या, तिसरी नुकती जन्मलेली होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आई आपल्याला पाण्यासाठी कुठे घेऊन गेली होती, याची आठवण त्या दोघींच्या कामी आली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि तिसऱ्या गटाला तेवढी वयस्क हत्तीण का नव्हती? कारण सत्तर-ऐंशीच्या दशकांत हस्तिदंतासाठी झालेल्या शिकारीत मोठ्या सुळ्यांच्या वयस्क हत्तिणी मारल्या गेल्या होत्या. शिकाऱ्याने सुळे नेले आणि त्यांच्याबरोबर पाण्याचा पत्ताही गेला.

मला हत्तीकडून शिकण्यासारखी ही एकच गोष्ट खऱ्या अर्थाने महत्त्वाची वाटते, आणि ती फळ्यावर कधीच नव्हती. हत्तीचा कळप म्हणजे आजी, तिच्या मुली, मावश्या, त्यांची पिल्ले. त्यात जी पुढे चालते ती सर्वांत बलवान असते म्हणून नव्हे, तर बहुधा सर्वांत वयस्क असते म्हणून. केनियातल्या अंबोसेली उद्यानात कॅरन मॅकॉम्ब आणि इतरांनी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिले, तेव्हा ओळखीच्या आणि परक्या हत्तींचा आवाज वेगळा ओळखण्यात वयस्क म्होरकी असलेले कळप अधिक तरबेज ठरले. २०११ साली सिंहाच्या गर्जनेबाबतही तेच दिसले. जी थोराड असते तिला घाबरावे कशाला आणि कशाला नाही हे अधिक नेमके कळते. उगाच दचकणारा कळप चरू शकत नाही, आणि मुळीच न दचकणारा फार दिवस टिकत नाही.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असे नाही. खाडीकाठच्या खाजन शेतीतल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारे कोणत्या तिथीच्या भरतीला लावायची आणि केव्हा उघडायची, बांधाला कुठे खेकडे पोखरतात, सत्तरीत पुरण शेतीसाठी नदीचे पात्र कसे आणि कुठवर वळवायचे, पावसाच्या पहिल्या आठवड्यात तायकिळा, कुडुक, आकूर या रानभाज्यांपैकी काय कुठे उगवते आणि काय कसे शिजवले म्हणजे घशाला खाजत नाही, हे सर्व ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते लिहून ठेवले नाही, कारण मागून कोणीतरी चालत येत आहे असे त्यांनी गृहीत धरले होते. आज मागे वळून पाहिले तर वाटेवर कोणी नाही. नातवंडे पुण्याला, आखातात, पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेत. मी त्यांना दोष देत नाही, माझा मुलगाही त्यांतलाच आहे, आणि त्याने पाठवलेल्या पैशांतूनच आमच्या घराची कौले बदलली. परंतु कुलूप लावलेल्या घरांच्या ओळीने जाताना मला घराची चिंता वाटत नाही. त्या घरातल्या शेवटच्या म्हातारीला काय काय ठाऊक होते, याचा विचार येतो.

हत्तीचे पिल्लू शिकते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या सोंडेचे काय करायचे हे त्याला जन्मतः कळत नाही. कित्येक महिने ती नुसती लोंबत आणि पायात अडखळत असते. आई काय खाते आहे हे जाणून घेण्यासाठी ते आपली सोंड सरळ तिच्या तोंडात घालते आणि घास चाखते. आमच्या घरात याला उष्टे खाणे म्हणत आणि आधुनिक झाल्यावर आम्ही ते बंद केले. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र उष्ट्याबरोबर ‘हे काय आहे, हे कुठून आणले’ ही चौकशीही बंद झाली, असे मला नातीला जेवताना पाहून वाटते. ती ताटाकडे पाहत नाही, मोबाईलकडे पाहते.

म्होरकी हत्तीण हुकूम सोडत नाही, हा तिचा आणखी एक विशेष. कळपाला निघायचे असले की एखादी हत्तीण जायच्या दिशेला तोंड करून उभी राहते आणि खोल घुमणारा आवाज काढते. जॉयस पूल या अभ्यासिकेने या आवाजाचा अर्थ ‘चला, निघू या’ असा लावला आहे. मग ती थांबते, इतरांचा प्रतिसाद येतो, आणि कळप हलतो. या आवाजांचा बराच भाग आपल्या कानांना ऐकूच येत नाही. १९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन हत्तींच्या पिंजऱ्याजवळ उभ्या असताना त्यांना हवेत एक धडधड जाणवली, आणि लहानपणी चर्चच्या गायकवृंदात ऑर्गनच्या सर्वांत मोठ्या नळीजवळ उभे राहिल्यावर जे वाटे त्याची आठवण झाली. त्यावरून पुढे हा शोध लागला. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन ऐकलेल्यांना हे चटकन समजेल. सांगायचे ते हे की नेतृत्व करणारी थांबते आणि उत्तराची वाट पाहते. कळपाच्या निष्ठेबद्दलही दोन शब्द लिहिणार होते, पण गोव्यात कळप बदलण्याचा विषय काढला की वाचकांना विधानसभेची आठवण होते आणि पत्र भलतीकडे जाते. म्हणून तो मोह आवरते.

नर हत्तींची गोष्ट निराळी. दहा-पंधरा वर्षांचा झाला की नर कळपातून बाहेर पडतो, आणि तिथून पुढे त्याला वळण लागते ते थोराड नरांच्या संगतीत. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानातले हत्ती संख्या कमी करण्यासाठी मारण्यात आले आणि त्यांची अनाथ पिल्ले पिलानेसबर्ग उद्यानात नेऊन सोडण्यात आली. तिथे एकही मोठा नर नव्हता. ही पिल्ले तरुण झाली तशी त्यांतल्या नरांना वेळेआधीच मद (नर हत्तीला येणारा आक्रमक माज) येऊ लागला आणि तो लवकर ओसरेना. १९९२ ते १९९७ या वर्षांत त्यांनी ४० हून अधिक पांढरे गेंडे मारले. हत्तींना गोळ्या घालाव्यात हा एक उपाय होता. त्याऐवजी १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून तिथे सोडले गेले. मोठ्या नराशी गाठ पडली की लहानाचा मद ओसरतो. तो ओसरला आणि गेंड्यांची हत्या थांबली. ‘माज उतरवणे’ हा वाक्प्रचार आपण शिक्षा करण्याच्या अर्थाने वापरतो. इथे कोणी कोणाला शिक्षा केली नव्हती. कोणीतरी मोठे आसपास असणे, एवढेच पुरले. रात्री दोन वाजता आमच्या पठारावरच्या नव्या रस्त्यावर मोटारसायकली उडवणाऱ्या मुलांबद्दल गावात नेहमी पोलिसांकडे तक्रारी होतात; त्यांच्या घरी त्या वेळी जागे कोण असते, हे विचारायला कोणी जात नाही. शिक्षकी पेशामुळे उपमा ओढून ताणून लावण्याची मला खोड आहे, पण ही उपमा मला ओढावी लागली नाही.

सांत्वनाविषयी थोडेच लिहिते. थायलंडमधल्या २६ हत्तींचे निरीक्षण करून जोशुआ प्लॉटनिक आणि फ्रान्स द वाल यांनी २०१४ साली असे नोंदवले की एखादा हत्ती घाबरला की दुसरे त्याच्याजवळ येतात, त्याच्या तोंडात सोंडेचे टोक घालतात आणि तेही तितकेच अस्वस्थ दिसतात. उत्तर बंगालमध्ये चहाच्या मळ्यांतल्या पाण्याच्या चरांत हत्तींनी आपली मेलेली पिल्ले मातीखाली पुरल्याच्या पाच घटना २०२४ साली प्रसिद्ध झाल्या. पिल्ले उताणी, पाय वर असलेल्या स्थितीत आढळली. माझे यजमान गेले तेव्हा मोबाईलवर हात जोडलेल्या चित्रांचे दोनशेहून अधिक संदेश आले. शेजारची एक बाई काहीही न बोलता संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. संदेश कोणाचे होते ते आता आठवत नाही.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की बाईंना हत्तीचा फारच पुळका आला. म्हणून दुसरी बाजूही स्पष्ट लिहिते. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या मोर्ले गावात एका वयस्क शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या घरी जाऊन हत्तीचे गुण सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. ज्याची वर्षभराची केळी एका रात्रीत गेली त्याला ‘गणपती येऊन गेला’ असे म्हणून हात जोडायला सांगणे हा निर्दयपणा आहे. सासूबाईंनी हात जोडले ते त्यांच्या वयाला शोभले, पण नुकसानीचा अर्ज मी भरला. भरपाई वेळेवर आणि बाजारभावाच्या जवळपास मिळाली पाहिजे, हाकारी पथकातल्या माणसांना नीट मानधन आणि विमा मिळाला पाहिजे, आणि हत्ती कुठे आहे याची खबर रात्री नऊच्या आत वाड्यावाड्यावर पोचली पाहिजे. रानटी प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची दखल वेळेवर घेतली गेली नाही की काय होते, हे आपण २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला पाहिले आहे. तिथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले.

ओंकारला पकडून दूर पाठवावे की नाही, यावर सिंधुदुर्गात आणि न्यायालयातही पुष्कळ वाद झाला. माझे मत विचाराल तर एक हत्ती उचलल्याने प्रश्न सुटत नाही. २०१५ साली कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात हत्ती पकडण्याची मोठी मोहीम झाली होती, तरी दोडामार्गात हत्ती आजही आहेत. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून घाट उतरून इकडे आले, आणि ज्या तिळारीच्या खोऱ्यात ते स्थिरावले त्याच तिळारीचे पाणी कालव्याने आपल्या पेडणे, डिचोली आणि बार्देशात येते. म्हणजे एका अर्थाने हत्ती आणि आम्ही एकाच पाणवठ्यावरचे आहोत. २०२५ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार देशात २२,४४६ हत्ती उरले असून त्यांतले निम्म्याहून अधिक पश्चिम घाटात आहेत. घाटातली त्यांची वाट तुटली की ते आपल्या केळीत येणार; ती कुठे तुटली आणि कुठे अजून सांधता येईल, हे तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे. त्यात माझ्यासारखीने लुडबूड करू नये.

मला जे करता येण्यासारखे वाटते ते फार लहान आहे, आणि त्याच्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून ती भरावी, हीच तिच्यामागची कल्पना आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही कोणीतरी बाहेरून येऊन, झाडांची शास्त्रीय नावे उतरवून पूर्ण केलेली असते आणि कपाटात असते. माझी सर्व पंचायतींना विनंती आहे की शाळेच्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांना गावातल्या ऐंशी वर्षांवरच्या एकेका माणसाबरोबर पाठवावे; चालता येत असेल तर चालत, नसेल तर खुर्चीवर बसवून न्यावे; आणि झरी, जुन्या विहिरी, पायवाटा, गुरांच्या पाणवठ्याच्या जागा, मानशी आणि बांधांच्या खुणा त्यांच्या तोंडून उतरवून घ्याव्यात. यासाठी निधी लागत नाही. घाई मात्र लागते.

आमच्या घरी आम्ही हे दिवाळीच्या सुट्टीत करून पाहिले. सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलले, नात वही घेऊन मागे चालली, आणि त्यांनी तीन सकाळींत अकरा जागा सांगितल्या. त्यांपैकी आठ सापडल्या. दोन नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेल्या आहेत, आणि अकरावी, जिथे त्यांच्या लहानपणी सगळ्या वाड्याची गुरे उन्हाळ्यात पाण्यावर नेत, तिथे आता कोणाचे तरी फार्महाऊस आणि त्याचा पोहण्याचा तलाव आहे. यादी आम्ही पंचायतीत नेऊन दिली. कारकुनाने आठ नावे उतरवली, पुढच्या दोन बऱ्याच कुरकुरीनंतर उतरवली, आणि अकराव्या नावावर पेन थांबवून म्हणाला, ‘बाई, ही जागा तर आता राहिलेली नाही, मग लिहून काय करू?’ मी त्याला ती लिहायला लावली आणि अकरा नावांची पोच घेऊन घरी आले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
पेडणे, गोवा